चिचुंद्रीबाई, टिंबू आणि केळ्याचं बिस्किट

या रे बाळांनो, जवळ सरका. कान इकडे, हात मांडीवर.

तानूमावशीच्या घरात, भिंतीतल्या बिळात, एक चिचुंद्री राहायची. एवढीशी! लांब नाक, बारीक डोळे. चिचुंद्रीला वास येतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. टिंबूची आई होती ती. टिंबूला तिचा वास फार आवडायचा.

टिंबू म्हणजे तिचं बाळ. टिंबूला नवे दात आले होते. इवले इवले, टोकदार. हिरड्या ठणकत होत्या. टिंबू काहीच खाईना. त्याला हवं फक्त केळ्याचं बिस्किट.

तानूमावशी बालवाडीच्या मुलांसाठी बिस्किटं भाजायची. साखर नाही, मैदा नाही. नाचणीचं पीठ आणि पिकलेलं केळं. एक बिस्किट ती रोज बिळापाशी ठेवायची.

आज काय झालं? चिचुंद्रीनं बिस्किट ओढलं. बिस्किट निसटलं. घरंगळत घरंगळत मोरीत पडलं. डुबुक!

गेलं की हो बिस्किट!

टिंबू रडायला लागला. चीं चीं चीं! बाळ सकाळपासून उपाशी होतं ना!

चिचुंद्री निघाली. कडेकडेनं, तुरू तुरू तुरू.

"तानूमावशी, तानूमावशी, बिस्किट भाज ना गं!
टिंबूचं रडं थांबेना!"

मावशी म्हणाली, "भाजते की गं बाई. पीठ आहे, पण केळं संपलं. केळीबाईनं केळं दिलं, तर मी भाजीन. आणि लवकर ये हं! चुलीतले निखारे निवायला लागलेत."

अगं बाई! निखारे विझले तर?

चिचुंद्री निघाली. कडेकडेनं, तुरू तुरू तुरू.

"केळीबाई, केळीबाई, केळं दे ना गं!
मावशी भाजेना,
टिंबूचं रडं थांबेना!"

केळीबाईनं पानं हलवली. सळ सळ सळ. "देईन गं. पण मला तहान लागलीय. मान वाकतच नाही. पाट वाहिला, पाणी आलं, तर मी देईन."

चिचुंद्री निघाली. कडेकडेनं, तुरू तुरू तुरू.

"पाटदादा, पाटदादा, वाहा ना रे!
केळीबाई देईना,
मावशी भाजेना,
टिंबूचं रडं थांबेना!"

पाट म्हणाला, "वाहीन गं. पण ती म्हैस बघ! मधोमध बसलीय. पाणी जाणार कुठून? म्हैस उठली, तर मी वाहीन."

म्हैस केवढी! चिचुंद्री केवढी!

चिचुंद्री निघाली. कडेकडेनं, तुरू तुरू तुरू.

"म्हशीताई, म्हशीताई, ऊठ ना गं!
पाट वाहेना,
केळीबाई देईना,
मावशी भाजेना,
टिंबूचं रडं थांबेना!"

म्हैस म्हणाली, "फुर्रर्र! उठेन गं. पण मला गोचीड चावतात. पाण्यात बसलं की जरा बरं वाटतं. बगळा आला, त्यानं गोचीड टिपले, तर मी उठेन."

बगळा? बाप रे!

बगळ्याची चोच लांब. लांब आणि टोकदार. बगळा नाकतोडा खातो. बगळा बेडूक खातो. आणि चिचुंद्री दिसली तर? गट्ट!

चिचुंद्री निघाली. कडेकडेनं, तुरू... तुरू... तुरू... आणि लांबच थांबली.

"बगळेदादा, बगळेदादा, ये ना रे!
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
केळीबाई देईना,
मावशी भाजेना,
टिंबूचं रडं थांबेना!"

बगळा म्हणाला, "येईन गं. पण माझ्या पायात पतंगाचा दोरा अडकलाय. कुणी तो कुरतडला, तर मी येईन."

चिचुंद्रीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. चिचुंद्री एकटीच.

"बगळा येईना,
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
केळीबाई देईना,
मावशी भाजेना,
टिंबूचं रडं थांबेना!
आता मी काय करू गं बाई?"

तिला खूप खूप भीती वाटत होती. तरी ती गेली. चोचीच्या अगदी खाली गेली. दोरा दातात धरला.

कुट... कुट... कुट...

तट्! तुटला दोरा!

बगळ्यानं मान खाली घातली. आणखी खाली. आणखी खाली. चिचुंद्रीनं डोळे गच्च मिटले.

"अजिबात दुखलं नाही हं," बगळा म्हणाला. "चल, चल लवकर!"

मग काय!

बगळा आला, फडफड फडफड!
म्हैस उठली, फुर्रर्र!
पाट वाहिला, खळखळ खळखळ!
केळीबाई पाणी प्यायली, गटागटा. मान वाकवली. पिकलेलं केळं पडलं, थप्प!

केळं मोठं, चिचुंद्री छोटी. ढकल गं ढकल! आलं एकदाचं घर.

चुलीत निखारे उरले होते अगदी थोडेसे. मावशी म्हणाली, "आलीस का गं? बरं झालं!" तिनं केळं कुस्करलं. पीठ मिसळलं. एक छोटंसं बिस्किट थापलं. थोडे निखारे पातेल्याखाली, थोडे झाकणावर. फू फू फू!

झालं का? नाही.
झालं का? थांब गं.
झालं का?

घरभर केळ्याचा गोड गोड वास सुटला. झालं!

चिचुंद्रीनं बिस्किट घट्ट धरलं. या वेळी नाही सोडलं. कडेकडेनं, तुरू तुरू तुरू, बिळात.

बिळात आवाजच नव्हता. टिंबू रडून रडून गप्प पडला होता.

"टिंबू? ए टिंबू? बाळा?"

टिंबूचं नाक हललं. सूं... सूं... सूं... टिंबूनं डोळे उघडले. टिंबू उठला.

कुट्!

नव्या दातांनी त्यानं पहिला घास तोडला. पण खाल्ला नाही. आईच्या तोंडाशी नेला.

"आई, तू."

आईनंही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टिंबूच्या आलं.

चिचुंद्रीनं आ केला.