येसबानं कुत्र्याची हजामत केली

निंबदऱ्याच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं, त्या फार जुन्या काळी गावात येसबा नावाचा न्हावी होता. त्याचा हात इतका हलका, की दाढी करून घेता घेता माणसं पारावरच झोपी जायची आणि जागी झाली की विचारायची, "येसबा, सुरू कधी करतोस?" असं म्हणतात.

पण मनानं तो फार भित्रा. एक गाल झाला की दुसऱ्याला हात घालण्याआधी तो स्वतःलाच विचारायचा, 'बरा झाला ना?' घरी जेवतानाही विचारायचा.

त्याच गावात ठकू कुंभारीण राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सोबतीला एकच जीव, बाजिंदा नावाचा काळा, दाट केसांचा कुत्रा. त्या भादव्यात ऊन कडक आणि हवा दमट. बाजिंदा ओढ्यात डुंबायचा आणि ओल्या अंगानं भट्टीच्या उबेला पडायचा. एके दिवशी त्याच्या मांडीवर लाल, ओलसर चट्टा उठला. बघता बघता तो तळहाताएवढा झाला. हात लावावा तर तव्यासारखा गरम.

गळवं, फोड बघायचे ते न्हाव्यानंच, म्हणून ठकू येसबाकडे गेली. त्यानं केसांवरूनच करंजाचं तेल थापलं. झालं उलटंच. केस चिकटले, आतली ओल आतच राहिली आणि चट्टा पोटापर्यंत पसरला. बाजिंदा स्वतःचंच अंग चावू लागला, गोल गोल फिरू लागला. चाटून चाटून त्याच्या तोंडाला फेस आला.

"पिसाळलं!" गावात एकच ओरड झाली.

सुभानराव पाटलानं माणसं धाडली. काठ्या घेऊन सगळे कुंभारवाड्यात जमले. ठकू दारात आडवी उभी राहिली. "आधी मला मारा," ती म्हणाली, "मग त्याला."

येसबाच्या कानावर हे गेलं. माणसाच्या डोक्यात गळू झालं तर आपण आधी केस काढतो. मग कुत्र्याचे का नाही काढले? उत्तर त्याला माहीत होतं. जनावराला लागलेला वस्तरा पुन्हा माणसाच्या गालाला लावायचा नाही, अशी गावाची रीत होती. आणि त्याच्याकडे वस्तरा एकच, दसऱ्याला पुजायचा तो, आजा-पणज्यापासूनचा.

त्यानं हत्यारांची धोकटी उचलली. हात लटलट कापत होते. गर्दीतून वाट काढत तो पुढं गेला आणि आपली पितळी वाटी पाण्यानं भरून बाजिंद्यासमोर ठेवली.

"पिसाळलेला असंल तर पाण्याला भिईल," तो म्हणाला.

बाजिंद्यानं वाटी वास घेऊन पाहिली आणि चपाचपा सगळं पाणी पिऊन टाकलं. काठ्या खाली आल्या. पण येसबानं वस्तरा उघडला तसा पाटील गरजला, "येसबा, त्याला वस्तरा लावलास तर माझ्या गालाला तो पुन्हा लागायचा न्हाई. कुणाच्याच न्हाई!"

"पाटील, तुमची दाढी उद्या बी वाढंल," येसबा म्हणाला. "ह्याचा उद्या कुणी बघितलाय?"

कुत्र्याच्या अंगावर वस्तरा टेकला आणि येसबाचे हात कापायचे थांबले. ते पुन्हा कधीच कापले नाहीत, असं म्हणतात. चट्ट्याभोवतीचे केस त्यानं अलगद उतरवले. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं जागा धुतली, स्वच्छ फडक्यानं टिपून कोरडी केली आणि वाऱ्याला उघडी ठेवली. तेलाचा थेंब नाही. बाजिंदा चाटायला वळला, तशी ठकूनं फुटक्या माठाचा गळा आणला, आत चिंध्या गुंडाळल्या आणि त्याच्या मानेत घातला.

"ठकूनं कुत्र्याला गळ्यातली सरी केली रं!" गर्दीतलं कुणीतरी हसलं.

रोज धुणं, रोज कोरडं करणं. हळूहळू लाली गेली, खपली पडली आणि काळ्या अंगावर त्या जागी चांदण्यासारखे पांढरे केस उगवले, असं म्हणतात.

पण गावानं शब्द पाळला. येसबाकडं कुणी फिरकेना. सुगीला बलुत्याचं धान्यही आलं नाही.

"मी चुकलो का गं?" तो बायकोला विचारायचा.

"चुकला असता तर कुत्रं मेलं असतं. जेवा आता," ती म्हणायची.

आणि मग कुत्री येऊ लागली. या गावची, त्या गावची, डोंगरापलीकडची. कुणी आणायचं नाही, आपली आपणच यायची आणि पारापाशी ओळीनं बसायची. भांडण नाही, भुंकणं नाही. असं म्हणतात.

गावातल्या पुरुषांच्या दाढ्या मात्र छातीला टेकल्या. शेजारगावचा न्हावी येईना. "दुसऱ्याच्या गावात वस्तरा लावायची आमच्यात रीत न्हाई," म्हणाला. तेवढ्यात पाटलाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडून निरोप आला, "नवरदेव पाठवा, अस्वल नको."

लग्नाच्या सकाळी पाटील मुलाला घेऊन पारावर आला आणि सरळ पुढं घुसू लागला. ओळीतलं एक म्हातारं कुत्रं गुरगुरलं.

"ओळीनं बसा, पाटील," येसबा मान वर न करता म्हणाला.

सगळं गाव बघत होतं. नवरदेव फेटा सावरत एका खरजुल्या कुत्र्यामागं बसला. त्याची पाळी आली तेव्हा येसबानं वस्तरा उकळत्या पाण्यात धरला, दगडावर पाजळला आणि असा फिरवला, की नवरदेव तिथंच घोरू लागला. मग पाटील स्वतः खाली बसला. गाल पुढं केला.

"लागायचा न्हाई म्हणालो होतो," तो पुटपुटला. "लाव आता."

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पारावर माणसांची ओळ होती.

निंबदऱ्यात आता आरशांची सलूनं आहेत. पण नवरदेवाची दाढी आजही आधी होत नाही. वाजंत्री लावून गावातलं एखादं कुत्रं पारावर आणतात. त्याच्या अंगावरचे केस बाजूला करून कातडी बघतात, दुखरं असेल तिथं कातर लावतात. वऱ्हाड ताटकळलं तरी कुणी घाई करत नाही. सगळं झालं की नवरदेव रिकाम्या पाराकडं हात जोडून विचारतो, "येसबा, आता माझी पाळी?"

आणि सगळं गाव ओरडतं, "आता तुझी!"