भर धारेतली सही

फार फार वर्षांपूर्वी, नदी ओलांडायची तर राजालाही नावाड्याची वाट बघावी लागे, तेव्हाची ही गोष्ट.

त्या राज्यात जुन्या वस्तूंचा एक व्यापारी होता. शाळेत तो कधी गेला नाही, पण वस्तू हातात घेतली की तिचं वय सांगायचा. एकदा एक सरदार पणजोबांची म्हणून गंजलेली तलवार घेऊन आले. व्यापाऱ्याने पात्यावर बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि हात जोडून म्हणाला, "सरदार, पणजोबा मिठागरात लढले वाटतं!" तलवार गेल्याच महिन्यात मिठाच्या पाण्यात भिजवून म्हातारी केलेली होती. तेव्हापासून दरबारात पारख म्हटली की या शेठलाच बोलावणं.

त्या राज्याचे जुने प्रधान जाऊन चाळीस वर्षं झाली होती. महापुरात ते स्वतः नदी ओलांडून पलीकडच्या गावांना सावध करायला गेले, ही हकीकत आयाबाया अजून मुलांना सांगत. प्रधानांची एक रीत होती. कुणी उपयोगी पडलं की ते आपलं छोटं रंगवलेलं चित्र त्याला द्यायचे, खाली स्वतःच्या हाताने सही करून. राजाने नवा दिवाणखाना बांधला आणि दवंडी दिली, "ज्यांच्याकडे असं चित्र असेल त्यांनी आणावं. खरं असेल ते इथे मानाने लागेल."

वीसेक चित्रं आली. सगळ्यांवर सही एकाच वळणाची, डौलदार, शेवटी घोड्याच्या शेपटीसारखा फटकारा.

सगळ्यांत शेवटी एक म्हातारा नावाडी आला. मेणकापड उलगडून त्याने चित्र पुढे केलं. "महाराज, मला काही नको. माझ्या झोपडीत ओल येते. माझ्यामागं हे कोरडं राहावं, एवढंच."

शेठने भिंग लावलं. सही उड्या मारत होती. अक्षर मध्येच वर उडालेलं, मध्येच खाली आदळलेलं.

"काय रे," एक दरबारी म्हणाला, "पाण्यावर बसून गिरवलीस की काय?"

सारा दरबार हसला. शेठही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, "प्रधानांचा हात असा नव्हता, महाराज. ही सही खोटी."

प्रधानांची खोटी सही करणं हा तिथे मोठा गुन्हा. जिच्यावर गुन्हेगाराचं पोट चालतं ती वस्तू जप्त व्हायची. राजा म्हणाला, "शेठ, निकाल लिहून, चित्राला जोडून पाठवा. उद्या सकाळी याची नाव जप्त करा."

नावाड्याने हात जोडले. "शेठ, चित्र तेवढं भिजू देऊ नका," एवढंच तो म्हणाला.

आता शेठचं घर नदीपलीकडे, आणि घाटावर नाव एकच! उन्हं कलली तेव्हा निकाल देणारा आणि ज्याच्यावर निकाल लागला तो, दोघे एकाच नावेत बसले. नावाडी वल्हवू लागला. त्या नदीची धार ओढाळ, म्हणून तिथले नावाडी पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठेक्यात वल्हं मारत: दोन फटके हलके, तिसरा जोराचा.

शेठला बसवेना. काम हातावेगळं केलेलं बरं, म्हणून त्याने कलमदान काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, 'चित्र खोटे.' खाली सही केली.

सही उडाली. एक लहान उडी, दुसरी लहान, तिसरी मोठी.

शेठ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने चित्र काढून शेजारी धरलं. लहान, लहान, मोठी. पुन्हा लहान, लहान, मोठी. आणि दोन उड्यांच्या मधली रेघ? ती जराही चाचरलेली नव्हती. तोच डौल, शेवटी तोच फटकारा. खोटी सही करणारा भीत भीत गिरवतो. हा हात भ्याला नव्हता, हलली होती ती नाव.

इतक्या वर्षांपूर्वीचा तो महापूर त्या बोटभर शाईत अजून वाहत होता.

"बाबा," त्याने हळूच विचारलं, "प्रधानजींनी ही सही कुठे बसून केली?"

"तुम्ही बसलात तिथंच, शेठ. पूर होता. म्हणाले, काठावर माणसं अडकलीत, उतरलो की तू मला दिसायचा नाहीस. आत्ताच घे."

"मग दरबारात बोलला का नाहीत?"

"विचारलंत कुठं? तुम्ही समदं चित्रालाच विचारत होतात."

शेठची मान खाली गेली. जरा वेळाने नावाडी म्हणाला, "शेठ, तुमचा काठ आला."

"काठ राहू द्या बाबा. नाव वळवा."

त्याच संध्याकाळी शेठच्या निरोपावरून राजा दरबाऱ्यांसह घाटावर आला. शेठने सगळ्यांदेखत सांगितलं, "महाराज, खोटा माझा निकाल आहे." राजा स्वतः नावेत बसला, भर धारेत त्याने आपलं नाव लिहिलं. लहान, लहान, मोठी. मग कलम त्या हसणाऱ्या दरबाऱ्याकडे गेलं. त्याची निम्मी सही अंगरख्यावरच झाली! पण या वेळी कुणी हसलं नाही. सगळे त्या म्हाताऱ्याच्या दंडांकडे बघत होते. राजाने उठून नावाड्याला नमस्कार केला. "सही प्रधानांची," तो म्हणाला, "पण तिच्यात तुमचं वल्हंही आहे."

नाव नावाड्याकडेच राहिली. चित्र दिवाणखान्यात मधोमध लागलं, खाली नावाड्याच्या नावासकट, कोरड्या भिंतीवर. शेठने मात्र 'चित्र खोटे' लिहिलेला आपला कागद दुकानात टांगला. त्या दिवसापासून कुणी वस्तू घेऊन आलं की तो आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि म्हणायचा, "बसा. वस्तू मग बघू, आधी तुमची हकीकत सांगा." भिंग त्यानंतर निघायचं.

तात्पर्य: अक्षर वाकडं का आलं, हे विचारल्याशिवाय त्याला खोटं म्हणू नये.