हेल्पर पाट्यांची टोकं

“चाकाला नट पाचच आहेत, चाचा. आठ असते तर मीच मानलं असतं. मग ही गाडी एक टनाची कशी होईल?”

पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून दस्तगीर मिस्त्री कान खाजवत होते.

मिरजेत त्यांचं कमानपाट्यांचं दुकान आहे. गाडीखालचे पोलादी पाटे भट्टीत तापवायचे आणि घणाने ठोकून त्यांना बाक द्यायचा, हे काम त्यांनी साठ वर्षं केलं. आता घण मुलगे मारतात, मिस्त्री नुसते बघतात. पण दुकानात चालतं त्यांचंच.

विचारणारा होता सन्मती मगदूम. जुन्या गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं तो स्वतःच सांगायचा, आणि पंचाईत अशी की ते बरंचसं खरं होतं. दार लावल्याच्या आवाजावरून तो गाडीचं साल सांगायचा.

आजची गाडी मात्र घरचीच होती. छप्पन सालची ही पिकअप त्याच्या वडिलांची, भूपालआण्णांची. आण्णा वारले तेव्हा ती गोठ्यात पडून होती. सन्मतीने दोन वर्षं खपून ती उभी केली. मूळचा हिरवा रंग, मूळची काच, मूळची बटणं. खालचे पाटेसुद्धा घासून लख्ख केले होते. रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि त्याच्या फॉर्मवर एकच रकाना कोरा राहिला होता. वजनवर्ग.

“दारातली कंपनीची पट्टी कुठं हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“नव्हतीच. नुसती रिव्हेटची भोकं होती. पट्टीवर वजन लिहिलेलं असणार, म्हणून तर आण्णांनी उपटली.”

“आणि दाराला बाहेरनं?”

“बाहेर आण्णांनीच रंगवलं होतं, एक टन. हे एवढं मोठं. मी खरवडून काढलं.”

“का?”

“मूळचं नव्हतं.”

मिस्त्रींनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की ऐकू आलं म्हणून, ते समजलं नाही.

“पाच नट, बारीक एक्सल, पातळ चासी,” सन्मती बोटांवर मोजू लागला. “गाडी अर्ध्या टनाची आहे. हौद्यात पाच पोती हळद घालावी, सहावं घालू नये. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“तुला ठावं हाय, तर माझ्याकडं कशाला आलास?”

...

सन्मतीने मोजणारी बोटं मिटून घेतली.

“आण्णा जन्मभर सांगायचे, माझी गाडी एक टनाची. पेठेत सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं, मला सांगितलं. ते खोटं बोलत होते का, एवढं मला कळलं पाहिजे.”

“व्हय,” मिस्त्री म्हणाले. “बोलत व्हता.”

हे इतक्या पटकन येईल असं सन्मतीला वाटलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं आणि मिस्त्रींचा रागही आला.

“ती पट्टी माझ्याच पकडीनं उपटली त्यानं,” मिस्त्री पुढे म्हणाले. “माल धाडणारा सांगलीचा हुंडेकरी एक टनाच्या गाडीशिवाय काम देईना. कवठ्यातनं रोज दहा पोती हळद पेठेत आणायची, न्हाईतर घरी बसायचं. म्हणून भूपालनं माझ्याकडनं वरचे, जादा बोज्याचे हेल्पर पाटे घालून घेतले. मी म्हणलं, पाटे घालतो, पण एक्सल अर्ध्या टनाचाच हाय. तो मोडला तर उतारावर तू बी जाशील आणि म्होरचा बी जाईल. पाचाच्या वर पोतं घालायचं न्हाई. त्यानं ह्या भट्टीम्होरं शपथ घेतली.”

“मग?”

“मग काय. महिन्याच्या आत ऐकलं, भूपाल रोज दहा पोती टाकतोय पेठेत. मी स्वतः सांजच्याला जाऊन थप्पी बघितली. दहाच्या दहा.”

...

“त्यापुढं मी त्याच्याशी बोललो न्हाई. मयतीला बी आलो न्हाई.”

सन्मती उठला. हात झटकले.

“मग झालं. अर्धा टन लिहितो.”

जाताजाता त्याने हौद्यातून एक गोणपाट ओढलं आणि मिस्त्रींसमोर आपटलं. आतून चार पाटे बाहेर आले, गंजलेले, चिखलाने माखलेले.

“हे तुमचे हेल्पर. मूळचे नाहीत म्हणून काढले. भंगारात घालण्याआधी तुम्हाला दाखवावेत म्हटलं.”

“घासलं न्हाईस?”

“टाकायचा माल कशाला घासू?”

मिस्त्रींनी एक पाटा मांडीवर घेतला. जुनी ओळख पटल्यावर माणूस पाठीवर हात फिरवतो, तसा हात फिरवला. अंगठा टोकाशी आला आणि थांबला.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. दुसरं टोक बघितलं. मग दुसरा पाटा घेतला. मग तिसरा. चौथाही बघून ते चारही पाटे घेऊन तसेच उठले आणि बाहेर उन्हात गेले.

सन्मती मागोमाग गेला. राग होताच, पण त्याला राहवेना.

“हे काय हाय?” मिस्त्रींनी टोकावरचा चिखल नखाने काढला.

खाली शेंदरी रंग होता. रंगाखाली कानशीचे आडवे ओरखडे, एकेक मोजता येईल असे.

“कानस मारलेली आहे. तुमची?”

“माझीच. पाटा बसवताना मारलेली, वरचा रंग बी तवाचाच. आता मला सांग, हेल्परची टोकं कशाला टेकत्यात?”

“रिकाम्या गाडीत कशालाच नाही.” हे सन्मतीला पाठ होतं. “बोजा अर्ध्या टनाच्या वर गेला की गाडी खाली बसते. तेव्हा ही टोकं चासीच्या ठोकळ्याला टेकतात. आणि चालता चालता घासून...”

त्याने पुन्हा टोकाकडे पाहिलं.

“बोल की.”

“घासून गुळगुळीत होतात. एका हंगामात.”

“आणि भूपालनं गाडी किती वर्षं चालवली?”

“बावीस.”

सन्मतीने पाटा हातात घेतला. स्वतःचा अंगठा टोकावरून फिरवला. ओरखडे बोटाला लागत होते. त्याने चारही पाट्यांची आठही टोकं बघितली, मग पुन्हा पहिल्यापासून बघितली.

मग त्याने तिथूनच वाकून गाडीखाली पाहिलं. तिथले पाटे, ठोकळे, सगळं आरशासारखं चकचकीत. बावीस वर्षांत त्यांच्यावर जे काही उमटलं असेल, ते त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या चकाकीची लाज वाटली.

“पण दहा पोती तर रोज पडत होती ना पेठेत?”

“पडत व्हती. सांगितलं न्हवं, मी मोजली.”

...

“भूपाल घरी कवा यायचा?” मिस्त्रींनी विचारलं.

“दिवेलागणीला. गावातल्या बाकीच्या गाड्या दुपारच्या जेवणाला परत असायच्या. आई चिडायची. म्हणायची, पेठेत पत्ते कुटत बसतात.”

“आणि तो काय म्हणायचा?”

“काहीच नाही. हात धुऊन जेवायला बसायचे.”

मिस्त्रींनी त्या शेंदरी टोकावरून पुन्हा अंगठा फिरवला. आतून पोरांच्या घणाचा आवाज येत होता.

“मी मयतीला यायला पायजे व्हतं,” ते म्हणाले.

मग चारही पाटे कवेत घेऊन ते गाडीपाशी गेले. गोणपाट जमिनीवर पसरलं आणि अठ्ठ्याहत्तरव्या वर्षी पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. बाहेर फक्त पाय आणि एक उघडा तळहात राहिला.

“सतराचा पाना दे.”

सन्मतीने पाना दिला. खिशातून फॉर्म काढून बॉनेटवर ठेवला, पेन उघडलं. पण पेन काही केल्या कागदाला लागेना.

“चाचा, या रकान्यात काय लिहू? अर्धा टन, का एक टन?”

गाडीखाली नट आवळल्याचा आवाज आला. मग थांबला.

“लिही... दोन खेपा.”