झुंबरची टेक

उंबरघळीच्या झऱ्यापासून वर वाडीकडे निघाले, की चढ निम्मा संपता संपता वाटेच्या कडेला एक काळी शिळा उभी लागते. बाईच्या खांद्याइतकी उंच. माथ्यावर घागरीचे बूड बसेल एवढा खळगा, आणि हात लागून लागून त्याची कड गुळगुळीत झालेली. तिला शेंदूर नाही, तिच्यावर कोरीवकाम नाही. येणारे पाहुणे तिला वीरगळ समजतात. वाडीतले गेनूबाबा मग काठी बाजूला ठेवतात आणि सांगतात, की ही वीरगळ नव्हे. ही शिळा एका बाईने उभी केली, आणि हिचे नाव झुंबरची टेक.

गोष्ट फार मागची. वाडी तेव्हाही माथ्यावरच होती आणि पाणी तेव्हाही घळीतच. त्या पाण्याचा एक दंडक होता म्हणे. झरा देवीचा, म्हणून भरलेली घागर घरी पोचेपर्यंत भुईला टेकवायची नाही. टेकली, तर पाणी तिथेच ओतायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. त्यामुळे बायका नेहमी जोडीने जात. चढावर एकीला दम लागला, की दुसरीने तिची घागर हातात घ्यायची. एकटीच्या डोक्यावरची भरली घागर कोण उतरवणार?

अशा या वाडीत झुंबर सून होऊन आली. तिच्या अंगात स्वस्थपणा कसा तो नव्हता. जात्यावर बसली तरी एक पाय हलत राहायचा. तेच काम रोज तेवढ्याच कष्टाने करायचे, याची तिला चीड यायची. घागर हिंदकळून पाठ भिजते, हे तिने आल्या आल्या पाहिले आणि पाण्यावर पळसाची पाने पसरून सोडली, हिंदकळणे थांबले. घागरीखालची चुंबळ डोक्यावरून घसरते, तर तिच्यात ओला पेंढा पिळून भरला. चुलीवर चढवण्याआधी भांड्याच्या बुडाला मातीचा लेप द्यायची, म्हणजे काजळी लेपासकट निघून यायची. जात्याच्या खुंट्याने हाताला फोड येत, तर खुंट्याला तेलाची चिंधी गुंडाळली. सासू म्हणायची, पोरीला कामाचा कंटाळा आहे. थोरली जाऊ सारजा काही म्हणायची नाही. ती झुंबरची एकेक सोय बघून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आपणही तसेच करायची. दोघींची पाण्याची जोडी होती.

मग एका उन्हाळ्यात झरा आटत आला. करवंटीने तळ खरवडून घागर भरावी लागे, आणि झऱ्यावर बायकांची रांग लागे. सारजाला तेव्हा दिवस भरत आले होते. त्या दिवशी झुंबरची घागर आधी भरली. सारजा म्हणाली, थांब जरा, माझी होऊ दे. झुंबर थांबली. या पायावरून त्या पायावर झाली. करवंटी दगडावर खरखरत होती, पाणी काही वर येत नव्हते, आणि ती खरखर तिच्या डोक्यात जाऊ लागली. शेवटी तिला राहवेना. ही घागर घरी ठेवते आणि तुमची भरेपर्यंत परत येते, असे सांगून ती निघालीच.

घरी सासूने तिच्या हाती दुसरे काम दिले. झुंबर ते भराभर उरकू लागली, त्यातून तिसरे निघाले. इकडे सारजाची घागर भरली. बायकांनी ती तिच्या डोक्यावर चढवून दिली, पण रांगेतला आपला नंबर सोडून तिच्या सोबत कोण येणार? जाऊ वाटेत भेटेलच, असे म्हणून सारजा एकटी चढू लागली. निम्म्या चढावर तिच्या पोटात कळ आली.

झुंबर धावत खाली आली तेव्हा सारजा वाटेवर उभी होती. एक हात घागरीला, एक हात पोटाला. पायाखालची माती ओली झाली होती. ती किती वेळ तशी उभी होती, कोण जाणे.

सारजा वाचली. मूल वाचले नाही.

घरात झुंबरला कोणी उघड बोलले नाही, आणि तेच तिला सोसेना. ती अंगणातून मागच्या परड्यात, परड्यातून अंगणात फिरत राहिली. बऱ्याच दिवसांनी सारजाने अंथरुणावरून तिला हाक मारली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुला लई हाका मारल्या गं. मग वाटलं, घागर खाली ठेवावी. पन टेकवू कुठं?"

झुंबर तडक देवीपुढे गेली. त्या चढावर एकटीला घागर टेकवता येईल असे काही होत नाही, तोवर मीही भुईला टेकणार नाही, असे ती बोलून आली.

तिने तो शब्द पाळला, असे सांगतात. उभ्याने जेवली. जाते ओट्यावर चढवून उभ्याने दळले. झोप आली, की लुगड्याच्या पदराने स्वतःला खांबाशी बांधून घ्यायची आणि डोळे मिटायची. पाय सुजून खांबासारखे झाले, तरी ते एका जागी ठरत नसत. हातातले काम संपले, की ती चढावर.

आधी तिने वाटेवरच्या ऐनाच्या झाडाच्या बेचक्यात घागर ठेवून पाहिली. फांदी फाटली. मग धोंड्यावर धोंडा रचला. तो घागरीच्या भाराने डुलला आणि ढासळला. एकसंध शिळाच हवी, हे तिच्या ध्यानात आले. तशी शिळा खाली ओढ्यात पडलेली होती. पुरुषांनी ती पाहून माना हलवल्या. वाट अरुंद, बैल लागायचे नाहीत. पाटलाने तर हा दंडक मोडण्याचा धंदा आहे म्हणून तिला चावडीसमोर उभे केले. उभी तर ती होतीच. तिने खाली मान घालून एवढेच सांगितले, की देवीने भुई सांगितली आहे, धोंडा सांगितलेला नाही. पाटील विचारात पडला. शेवटी म्हणाला, बायकांच्या हाताने वर आली तर येऊ दे.

झुंबरने पहार घेतली. पहार शिळेखाली घालून दाबायची, शिळा उचलून बोटभर वर सरकली की खाली दगडाची चीप सरकवायची, आणि पुन्हा दाबायची. शिळा मागे येऊ द्यायची नाही, एवढेच बघायचे. पण एक अडचण होती. पहार सोडली की शिळा खाली बसे, आणि पहार धरून ठेवली की चीप सरकवायला हात उरत नसे. ती पायाने चीप ढकलायची. कधी साधायचे, कधी अंगठा चेंगरायचा. कितीदा तरी मिळवलेली जागा पुन्हा गेली. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कडेने निघून जात.

एक दिवस तिने पहार दाबली आणि शेजारी कोणी तरी येऊन बसले. सारजा होती. त्या दिवसानंतर ती प्रथमच घळीत उतरली होती. तिने झुंबरच्या तोंडाकडे पाहिलेही नाही. चीप उचलून शिळेखाली सारली.

"तू दाब," ती म्हणाली. "पाचर मी घालते."

झुंबरने दाबले. डोळ्यांतले पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर बाकीच्याही आल्या. रिकामी घागर घेऊन उतरताना प्रत्येकीने एक रेटा द्यायचा, असे ठरून गेले. कुणाला फार कष्ट नाहीत, कुणाचा खोळंबा नाही. शिळा चढ चढू लागली. पाऊस येऊन गेला, झरा भरला, तरी रेटे थांबले नाहीत. सारजा ज्या जागी उभी राहिली होती, तिथे खड्डा खणून शिळेचे बूड त्यात सोडले आणि अंबाडीच्या दोरांनी ती सरळ केली. मग कोणी तरी शंका काढली, की झुंबर उंच, सारजा ठेंगणी, दोघींना एक शिळा कशी पुरेल? झुंबर म्हणाली, वाट चढाची आहे. उंच बाईने खालच्या अंगाला उभे राहावे, ठेंगणीने वरच्या.

पहिली घागर सारजाची. ती वरच्या अंगाला गेली, गुडघ्यात जराशी वाकली, आणि घागर सरकून शिळेवर बसली. सारजाने दोन्ही हात खाली घेतले. त्यांच्याकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी तोंड पुसले आणि तशीच, तोंड झाकून, खूप वेळ रडली. कोणी तिला घाई केली नाही.

शांत झाल्यावर तिने झुंबरचा हात धरला. "झालं तुझं. आता बस."

झुंबर वाकली. पण म्हणे तिचे गुडघे मिटेनात. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग सरळ होऊन समोर बघत राहिली. घळीपलीकडच्या डोंगरावर दुसऱ्या गावच्या बायका घागरी घेऊन चढत होत्या. त्यांतली एक मागे पडली होती. झुंबरने खाली पडलेली पहार उचलून खांद्यावर घेतली. सारजाने विचारले, कुठे निघालीस? त्या चढाला काय आहे, ते बघून येते, असे सांगून ती उतरू लागली. सारजाने तिला अडवले नाही. थोडी पळसाची पाने तोडून तिच्या पदरात घातली.

ती परत आली नाही. पलीकडच्या चढावरही अशी शिळा आहे, आणि त्याच्या पुढच्या डोंगरावरही आहे, असे लोक सांगतात.

आता वाडीत नळ आला आहे. पण आजही नवी सून आली, की तिला एकदा झऱ्यावर नेतात आणि पहिली घागर या शिळेवर टेकवायला लावतात. सगळ्या बायका भोवती उभ्या राहतात. तिला उखाणा घ्यायला कोणी सांगत नाही. तिने माहेराहून आणलेली एक सोय सांगायची: दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावे, सुईत दोरा जात नसेल तर काय, असे काहीही. जमलेल्यांतली सर्वांत म्हातारी बाई ती नीट ऐकून घेते आणि विचारते, हे तुला कुणी शिकवलं? सुनेने त्या बाईचे नाव घ्यायचे. आई असेल, मावशी असेल, शेजारीण असेल. ते नाव सगळ्यांनी एकदा म्हणायचे, आणि मगच घागर उचलायची.