धूम्रकेशाच्या पुत्राचा हुंकार

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, पयोष्णीच्या रम्य तीरावर, जेथे हरिणे यज्ञवेदीजवळचे दर्भ निर्धास्तपणे खात आणि कोणी त्यांना हाकलत नसे, तेथे शालंकायन नामक महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. राजपुत्रांना धनुर्विद्या शिकवणारे गुरू तेव्हाही पैशाला पासरी मिळत. शालंकायन मात्र शौर्य शिकवीत ते कथांनी. सायंसंध्या आटोपली की वटवृक्षातळी ते वीरकथा सांगत आणि एका शिष्याने वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचे, असा तेथला नेम होता.

हे काम शारंग नावाच्या तरुण शिष्याकडे होते. त्याची तन्मयता पाहून प्रसन्न झालेले ऋषी एकदा म्हणाले, “वत्सा, यापुढे तुझ्या हुंकारावाचून या आश्रमातली एकही कथा पुढे सरणार नाही, हा माझा वर.” वर देऊन मोकळे झाले, पण हा कोणाचा कोण, हे काही विचारले नाही. मोठ्यांचे हे असेच असते. शारंग धूम्रकेश असुराचा पुत्र होता. बापाला मारणारा राजा येथे शिकणाऱ्या आपल्या पुत्रांना भेटायला आज ना उद्या येईल, या एकाच आशेवर तो दात-ओठ खात दर्भ कापत राहिला होता.

आणि राजा आला. रत्नमंडित आसनावर बसून म्हणाला, “मुनिवर, धूम्रकेशाचा वध मी कसा केला, ती कथा शिष्यांना शिकवावी. माझ्या पुत्रांनाही पित्याचा पराक्रम कळू दे.”

राजाने सांगितली तशीच ऋषींनी कथा आरंभली. मेघासारखा गर्जणारा असुर, थरारलेल्या दिशा, बाणांनी झाकोळलेला सूर्य. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता.

“मग राजाने समोरासमोर त्या सशस्त्र असुराचे मस्तक उडवले.”

हुंकार आला नाही. ऋषी पुढे सांगू गेले, तर जीभ टाळ्याला चिकटली. स्वतःचाच वर आडवा आला होता.

शारंग उठला. “गुरुदेव, धूम्रकेश माझे पिता. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते सूर्याला अर्घ्य देत होते. ओंजळीत पाणी होते, शस्त्र नव्हते, आणि घाव पाठीमागून आला. त्यांचे वस्त्र धरून मी तीरावर उभा होतो. एवढे सांगा, मी हुंकार देतो.”

राजाने तलवार उपसली. शारंग जागचा हलला नाही. “मार. माझेही हात रिकामे आहेत. तुला सवयच आहे.”

ऋषींनी दंड आडवा धरला. “राजन्, हे खरे असेल तर तसेच सांगू. पाप कबूल करायलाही शौर्य लागते.”

राजाने समोर बसलेल्या आपल्या पुत्रांकडे पाहिले. तलवार म्यान केली आणि पुटपुटला, “मग कथाच नको.”

“तथास्तु,” शारंग म्हणाला. “तुझे रक्त मला नको, ते दोन प्रहरांत वाळेल. गुरूंच्या वराला साक्षी ठेवून शापतो: तुझे नाव घेऊन जो कोणी कथा आरंभील, त्याला कुठेही हुंकार मिळणार नाही. तुझे पौत्रही तुझे नाव विसरतील.”

राजाने पुढे दिग्विजय केले, भाट पोसले, शिळा कोरवल्या. सगळे पाण्यात गेले. शालंकायनांच्या शिष्यपरंपरेत मात्र कथेआधी धूम्रकेशाच्या नावाने एक ओंजळ पाणी सोडू लागले.

मी ही कथा वर्गात सांगतो तेव्हा कोणीतरी विचारतेच, “गुरुजी, ऋषींचे नाव सांगितलेत, असुराचे सांगितलेत. त्या राजाचे नाव काय?” मी पोथ्या पालथ्या घातल्या आहेत. सापडत नाही, आणि खरे सांगू, मला त्याचा आनंदच होतो.