बाळंतिणीच्या खोलीतली फट

"चार वेळा भरली, चार वेळा सुटली. का सुटते, तेवढं सांगा."

वैजयंतीनं ओढणीच्या टोकात बांधून आणलेला पांढऱ्या सिमेंटचा तुकडा पाणपोईच्या फळीवर ठेवला. बोटभर लांब, पापडासारखा वाकलेला.

सगुणाक्कानं तुकड्याकडे पाहिलंच नाही. रांजणात ओगराळं बुडवलं आणि काठोकाठ भरून वर काढलं.

"ओंजळ धर."

"पाणी नकोय मला."

"उन्हातून आलीस."

"आक्का, मी पाण्यासाठी आले नाहीये."

"मग पाणपोईवर कशाला आलीस गो?"

करंजाच्या सावलीत टेकलेला रिक्षावाला फिसकन हसला. वैजयंतीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून रिक्षा पुसायला गेला.

मुळात इथं यायचंच तिच्या जिवावर आलं होतं. सिव्हिलची पदवी, तीही पहिल्या वर्गात, आणि विचारायचं कुणाला? तर वाकणवाडीच्या फाट्यावर तीन रांजण मांडून बसलेल्या म्हातारीला. सगुणाक्का चाळीस वर्षं गवंड्यांच्या हाताखाली होती. घमेली वाहिली, भिंतींवर पाणी मारलं. थापी कधी हातात धरली नाही. बाईमाणसाला धरू कोण देणार? आता गुडघे गेले, म्हणून वैशाखात ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजते. तरी अडलेले गवंडी मोटारसायकल थांबवून दोन ओंजळी पितात, काहीतरी हळूच विचारतात आणि निघून जातात.

आई सकाळी म्हणाली होती, "सगुणाक्काला विचार."

"बिगारी होती ती, आई."

"आणि तू इंजिनियर आहेस. मग फट का बुजत नाही?"

म्हणून ती आली होती.

फट बाळंतिणीच्या खोलीत होती. जांभ्या चिऱ्याची जुनी भिंत, तिच्या पायाशी गेल्या वर्षी बसवलेलं टाइल्सचं स्कर्टिंग. ते भिंतीपासून सुटून पुढे आलं होतं आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत करंगळी जाईल एवढी काळी रेघ पडली होती. उद्या सकाळी वैजयंतीची थोरली बहीण चिपळूणच्या दवाखान्यातून सहा दिवसांची लेक घेऊन त्याच खोलीत यायची होती. दुसऱ्या खोलीला पंखाही नव्हता. आणि परवा केर काढताना आईनं त्या फटीत लाल विंचवाची नांगी आत जाताना पाहिली होती.

"काय भरलंस?" आक्कानं विचारलं.

"पांढरं सिमेंट. नवी गोणी, प्रमाण मोजून. आधी पातळ केलं, मग घट्ट. मग ट्यूबमधलं सीलंटसुद्धा वापरलं, ते तर चिकटलंच नाही. भिंतीत ओल नाही. भेगा नाहीत. मी सगळं तपासलंय." तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ती धडाधड बोलत होती. "आत विंचू शिरलाय, आणि आजचा एक दिवस उरलाय माझ्याकडे."

आक्कानं तो तुकडा उचलला. दोन बोटांत चुरडला. त्याचा रवा झाला आणि वाऱ्यावर उडाला.

"बरं झालं सुटली."

"काय?"

"बरं झालं म्हटलं."

वैजयंतीच्या कानशिलाची शीर उडू लागली. मोठ्या माणसांची ही एक खोड तिला लहानपणापासून डोक्यात जायची. सरळ विचारावं, तर कोडं घालायचं. आपण तडफडत राहायचं आणि त्यांनी रांजणासारखं थंड बसायचं.

"आक्का, लाल विंचू आहे तो. तान्हं मूल हातचं जातं त्यानं. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल, पण..."

ओगराळं रांजणाच्या तोंडाशी थांबलं.

"जातं," आक्का म्हणाली. "खरंय."

मग तिनं कडेला उन्हात पालथी घातलेली मातीची परळ उचलली. रांजणावर झाकायला नवीनच आणलेली, अजून पाणी न लागलेली. सुलटी करून मांडीवर घेतली आणि तीत चूळभर पाणी टाकलं. चर्रर्र झालं. पाणी दिसेनासं झालं.

पुन्हा टाकलं. पुन्हा गेलं.

तिसऱ्यांदा जरा रेंगाळलं.

चौथ्यांदा टाकलेलं पाणी परळीत थांबलं. त्यात करंजाची फांदी दिसली.

वैजयंती परळीकडे बघत राहिली. तहानलेली भिंत गिलाव्यातलं पाणी ओढून घेते. पाणी गेलं की सिमेंट धरत नाही. हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षाला हाच प्रश्न आला होता, आठ गुणांना, आणि आठपैकी सात मिळाले होते. तरी चार दिवस ती कोरड्या ठणठणीत चिऱ्यावर सिमेंट लिंपत बसली होती.

तिचा चेहरा लालबुंद झाला. ती वळली आणि तरातरा चालू लागली.

"पाणी," मागून आक्का म्हणाली.

"कळलं मला, आक्का. आता वेळ नाही."

...

घरी येऊन तिनं सिमेंट कालवलं. तांब्या भरून घेतला, फटीशी गुडघे टेकले. वरचेवर दोन शिंतोडे मारले आणि थापी उचलली.

"एवढ्यावर भागलं?"

आक्का दारात उभी होती. रिक्षावाल्यानं आणून सोडलं होतं. एका हातात ओगराळं, दुसरा हात चौकटीवर.

"भिजवलीय मी," वैजयंती म्हणाली.

"ओठ भिजवलेस. पोटात घाल."

"आक्का, आत्ता भरलं तर संध्याकाळपर्यंत..."

"थापी ठेव खाली."

आवाज चढलेला नव्हता. पण चाळीस वर्षं गवंड्यांच्या मागं उभं राहिलेल्या बाईचा होता तो. थापी खाली ठेवली गेली.

आक्का भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. केरसुणीची काडी मोडून तिनं फटीतली माती, कोळ्याची जाळी, जुन्या चुन्याची भुकटी उकरून काढली. मग कोपऱ्यापासून पाणी सोडायला लागली. बारीक धार. भिंत पीत होती. घोटांचा आवाज यावा तशी आतून गुळगुळ ऐकू येत होती.

आई दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात उद्यासाठी शिवलेली दुपटी होती.

एक ओगराळं. दोन. पाच. वैजयंती घड्याळाकडे पाहत होती. साडेअकरा. अकरा पस्तीस. सिमेंट घमेल्यात आळायला लागलं होतं.

"आक्का, सिमेंट वाया जातंय."

"जाऊ दे. दुसरं कालव."

"किती पाणी घालणार अजून?"

"ती नको म्हणेपर्यंत."

सातव्या ओगराळ्याला फटीतून काहीतरी बाहेर आलं.

आधी एक लाल चिमटा. मग दुसरा. मग अख्खी विंचवाची मादी. पाण्यातून निथळत, नांगी वर करून ती फरशीवर आली आणि थांबली. तिच्या पाठीवर तांदळाच्या कण्या सांडाव्यात तशी पांढरी पिलं होती. वीस, पंचवीस. एकमेकांना धरून बसलेली.

आईच्या हातातली दुपटी पडली.

वैजयंतीच्या तोंडचं पाणी पळालं. ही आत होती. चारही वेळा आतच होती. भर टिकली असती, तर ही पंचवीस पिलं घेऊन दुसरी वाट शोधत कुठं निघाली असती? पलंगाच्या पायाशी? झोळीच्या दोरीवर?

बरं झालं सुटली.

तिनं पायातली चप्पल काढली. हात वर गेला. त्याआधीच आक्कानं रिकामं ओगराळं त्या लाल पाठीवर पालथं घातलं होतं.

"आक्का, बाजूला व्हा."

"काहीतरी जाड कागद दे."

"कागद कशाला? चेचते मी तिला."

"लग्नसराई आहे, घरात पत्रिका पडल्या असतील. दे एखादी."

आईनं कोनाड्यातली पत्रिका काढून दिली. आक्कानं ती ओगराळ्याखाली अलगद सरकवली, गणपतीचं चित्र वर करून. दोन्ही हातांनी सगळं उचललं आणि गुडघ्यांच्या कुरकुरीसकट उठली. परसाच्या दारानं ती बाहेर गेली. लंगडत, एकेक पाऊल टाकत, ओढ्यापलीकडच्या चिऱ्यांच्या ढिगाकडे.

"सोडून येणार?" वैजयंती आईकडे वळली. "उद्या इथं तान्हं मूल येतंय आणि ही बाई विंचू सोडून येणार? तुला दिसत नाही, आई? कुणी काही बोलणार आहे का तिला?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? तिचं जातंय काय?"

आई खाली वाकून दुपटी गोळा करत होती. वर न बघता म्हणाली,

"तिचा पहिला मुलगा विंचवानंच गेला. सहा महिन्यांचा. खेडच्या शाळेचं बांधकाम चाललं होतं. खडीच्या ढिगाशेजारी झोळी बांधली होती तिनं. ही भिंतीवर पाणी मारत होती."

खोलीत फक्त भिंत पाणी पीत होती.

चप्पल वैजयंतीच्या हातातच होती. ती कुठं ठेवावी, हे तिला कळेना.

...

आक्का परत आली. ओगराळं धुतलं, पालथं घातलं, आपल्या जागी बसली. काही घडलंच नाही असं तिचं तोंड होतं.

वैजयंतीनं जुनं सिमेंट टाकून नवं कालवलं. भिंतीला पुन्हा पाणी दाखवलं. या वेळी पाणी फटीच्या तोंडाशी येऊन थांबलं, चमकत राहिलं. मग तिनं भरायला घेतलं. बोटानं दाबून, आतपर्यंत, वीतभर वीतभर पुढे सरकत. दारापर्यंत पोचायला दीड वाजला. रेघ सरळ आली.

"ओलं ठेवायचं," आक्का म्हणाली. "चार दिवस."

"उद्याच येणार आहेत ते."

"येऊ देत. लुगड्याच्या चिंध्या भिजवून लाव कडेनं. बाळंतीण काय चिंध्यांवर निजणार आहे?"

आई हसली. परवापासून पहिल्यांदा.

वैजयंतीनं चिंध्या लावल्या. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग पलंगाखाली, कोपऱ्यात, दाराखाली पाहिलं. दार आणि उंबऱ्याच्या मधे पट्टीएवढी फट होती. दार म्हटल्यावर ती असणारच. तिथून उजेड येत होता.

ओढा काही लांब नव्हता. ढिगारा काही फार दूर नव्हता. आणि उद्या या पलंगावर सहा दिवसांचा जीव झोपणार होता.

ती आक्कासमोर येऊन बसली. सकाळपासून पहिल्यांदाच, खाली, जमिनीवर. घसा कोरडा पडला होता. तिनं ओंजळ पुढं केली.

आक्कानं तांब्यातून धार सोडली. वैजयंती प्यायली. पुन्हा प्यायली. कोपरांवरून ओघळ वाहिले. तिसऱ्यांदा पाणी ओंजळीत थांबलं, तेव्हा तिनं मान वर केली.

"आक्का..."

"हं."

"ती परत आली तर?"

आक्कानं तांब्या खाली ठेवला. पदरानं वैजयंतीचे हात पुसले, एकेक बोट.

"मग पत्रिका ठेव जवळ. आणि तिलाही पाणी विचार."