माळढोकिणीचे एकुलते अंडे

गोष्ट म्हटली की जंगल हवेच असे काही नाही, मुलांनो. एका उघड्याबोडक्या माळरानावर एक माळढोकीण राहत असे. माळढोक म्हणजे उंच मानेचा, चांगला थोराड पक्षी. पूर्वी त्या माळावर त्यांचे थवेच्या थवे चरत; आता शोधूनही चार-पाच दिसले तर नशीब. त्यात माळढोकीण एका वेळी अंडे घालणार एकच, तेही उघड्या जमिनीवर. ना काडी, ना कापूस! पण त्या अंड्याचा रंग मातीत असा मिसळून जाई, की चरून परतल्यावर तिलाच ते क्षणभर शोधावे लागे. नेमकी याचीच तिने धास्ती घेतली. "मलाच धड दिसत नाही, म्हणजे माझेच काहीतरी चुकते आहे," असे तिच्या मनाने घेतले. बिचारी!

ती टिटवीकडे गेली. टिटवी म्हणाली, "अगं बाई, भोवती खडे मांड. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मांडतात." माळढोकिणीने पांढरे खडे वेचून गोल मांडले. तेवढ्यात चंडोल आला. "खडे काय कामाचे, काकू? वर गवताचे छप्पर पाहिजे. माझे घरटे बघा की!" तिने गवत आणून रचले. मग साळिंदर आले आणि नाक मुरडून म्हणाले, "सगळाच वेडेपणा! पोरेबाळे जमिनीखालीच सुरक्षित. बीळ खण." तिने बाजूची माती उकरायला घेतली. बीळ काही झाले नाही, तांबड्या मातीचा ढिगारा तेवढा झाला. कोणाचे खरे मानावे? खडे काढले तर टिटवी रागावणार, गवत काढले तर चंडोल रुसणार. विचार करकरून तिच्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी तिने सगळेच तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी चरून परतताना तो ढीग तिला लांबूनच दिसला. "बरे झाले बाई, आता शोधायला नको," म्हणून ती किती दिवसांनी हसली. जवळ येऊन पाहते तो काय, गवत विस्कटलेले, अंडे फुटलेले आणि एक कावळा दगडावर चोच पुसत बसलेला.

"मेल्या, माझे एकुलते एक अंडे होते रे! तुला ते सापडले तरी कसे?" ती रडत ओरडली.

कावळाही जरा गोंधळला. म्हणाला, "खरे सांगू, बाई? मी रोज इथूनच उडतो. इथे अंडे आहे हे मला ठाऊकसुद्धा नव्हते. आज एवढा थाट मांडलेला दिसला, म्हणून खाली उतरलो."

तात्पर्य : सल्ला देणारा स्वतःच्या घराच्या मापाने सल्ला देतो; तो सल्ला आपल्या घराला बसतो का, हे ज्याचे त्याने आधी पाहावे.